नाइट्स ऑफ कोलंबस: फॉर्मवर सही करण्यापूर्वी

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, एका रविवारी फोनवर एक फोटो पाठवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेला एक छापील फॉर्म, वर ढालीसारखं चिन्ह. मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात एका सद्‌गृहस्थांनी हातात दिला होता. खाली दादाने लिहिलं होतं, ‘आत यायला सांगताहेत. काय करू?’ दहा मिनिटांत वहिनीचा आवाज आला: ‘हे ते तलवारवाले लोक ना? शपथबिपथ घ्यायला लावतील. पैसे किती घेणार, ते आधी विचारा. आणि मला प्रवेश नाही म्हणे, ते का?’

वहिनीचे प्रश्न अगदी बरोबर आहेत. परदेशात गेलेल्या आपल्या अनेक कॅथलिक कुटुंबांना हेच प्रश्न पडतात. शिकागोत जन्मलेले पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ रोजी निवडून आल्यापासून तर अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांविषयी, त्यांच्या संस्थांविषयी इकडेही कुतूहल वाढलं आहे. म्हणून दादाला जे लिहिलं, ते जरा विस्ताराने इथे मांडतो.

## हे आहे तरी काय?

‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही कॅथलिक पुरुषांची सेवाभावी संघटना आहे. ‘नाइट’ म्हणजे रात्र नव्हे. मध्ययुगातल्या घोडेस्वार सरदाराला तो शब्द होता. मुख्यालय अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन या शहरात. सदस्य २० लाखांहून जास्त. अमेरिकेखेरीज कॅनडा, मेक्सिको, फिलिपाइन्स, पोलंड, युक्रेन अशा देशांतही शाखा आहेत.

स्थानिक शाखेला ‘कौन्सिल’ म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा एखाद्या धर्मग्रामाला, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक वस्तीला, जोडलेली असते. कौन्सिलचा प्रमुख ‘ग्रँड नाइट’. हे नाव ऐकून दबून जायचं कारण नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळात अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात, तशीच ही पदं आहेत. ग्रँड नाइट म्हणजे अध्यक्ष. तो तुमच्यासारखाच नोकरी करणारा, हप्ते फेडणारा माणूस असतो. शिवाय प्रत्येक कौन्सिलला एक धर्मगुरू मार्गदर्शक म्हणून लागतो.

याच्याच जोडीला ही संघटना आयुर्विमाही विकते. लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो सुटायचा तर १८८२ सालात जावं लागतं.

## घरातला कर्ता गेला तर?

संघटनेचे संस्थापक फादर मायकल मॅकगिव्हनी यांचा जन्म १८५२चा, वॉटरबरी या कारखान्यांच्या गावातला. आईवडील आयर्लंडहून आलेले. वडील पितळेच्या कारखान्यात साचेकाम करत. १३ भावंडांत मायकल थोरले. त्यांतली सहा लहानपणीच गेली. वयाच्या १३व्या वर्षी मायकलही कारखान्यात लागले, चमचे बनवायच्या खात्यात. पुढे धर्मगुरू व्हायला गेले, आणि शिक्षण चालू असतानाच, १८७३ मध्ये, वडील वारले. थोरला मुलगा दूर, घरी आई आणि लहान भावंडं. पुढे त्यांनी जे केलं त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

१८७७ मध्ये दीक्षा झाली आणि त्यांची नेमणूक न्यू हेवनच्या सेंट मेरी चर्चमध्ये झाली. हे चर्च शहरातल्या श्रीमंत वस्तीत उभं राहिलं होतं. १८७९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यावर लेख छापला होता, की एका खानदानी रस्त्याला या रोमन चर्चने बट्टा लावला. तेव्हाच्या अमेरिकेत कॅथलिक माणसाकडे, त्यातही आयरिश मजुराकडे, कोणत्या नजरेने पाहिलं जाई, हे त्यातून कळतं.

त्या काळी अमेरिकेत साध्या मजुराला सरकारी पेन्शन नव्हती. सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ साली आला. कारखान्यातला मजूर न्यूमोनियाने किंवा यंत्रात सापडून गेला, की त्या घराचा पगार त्याच दिवशी थांबे. विधवेला मुलं पोसता आली नाहीत तर ती नातेवाइकांत वाटली जात किंवा संस्थांत जात. घर उसवायचं.

फेब्रुवारी १८८२ मध्ये असंच एक प्रकरण न्यू हेवनच्या कोर्टात आलं. वडील वारलेले, पाठीमागे कर्ज, आणि आल्फ्रेड डाउन्स नावाच्या अल्पवयीन मुलाला पालक हवा. पालक होणाऱ्याने २,५०० डॉलरचा जामीन द्यायचा. तेव्हाच्या मजुराच्या कित्येक वर्षांच्या कमाईइतकी ही रक्कम. पालक म्हणून उभे राहिले फादर मॅकगिव्हनी, आणि जामीन राहिला एक किराणा दुकानदार.

एका मुलाचं निभावलं. पण धर्मग्रामात अशी घरं किती! एकटा धर्मगुरू कितींचा पालक होणार? या प्रश्नावर ते आधीपासूनच खटपट करत होते. बॉस्टन आणि ब्रुकलिनला जाऊन तिथल्या कॅथलिक परस्पर-साहाय्य मंडळांचं काम त्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १८८१ मध्ये सेंट मेरी चर्चच्या तळघरात धर्मग्रामातल्या पुरुषांची बैठक घेतली. २९ मार्च १८८२ रोजी कनेक्टिकट राज्याने संघटनेला सनद दिली. फादर तेव्हा २९ वर्षांचे होते. पहिलं प्रमुखपद त्यांनी स्वतःकडे ठेवलं नाही. ते जेम्स मुलन या माजी सैनिकाला दिलं आणि स्वतः सचिवाचं काम घेतलं. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रापंचिक माणसांची संघटना प्रापंचिक माणसांनीच चालवावी, हा विचार त्या काळातल्या एका धर्मगुरूने केला.

१८९० मध्ये, अवघ्या ३८व्या वर्षी, न्यूमोनियाने फादर गेले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या वाटेवरची ही शेवटून दुसरी पायरी.

## एका डॉलरचं गणित

सुरुवातीचा विमा इतका साधा होता की तो समजला की बाकीचं आपोआप समजतं. कोणी सदस्य वारला की बाकीच्या प्रत्येकाने १ डॉलर द्यायचा. एक हजार सदस्य असतील तर एक हजार डॉलर जमले. ते विधवेच्या हातात. सदस्य हजाराच्या वर गेले की प्रत्येकाचा वाटा डॉलरपेक्षा कमी होत जाणार. आजारपणाने काम बंद पडलं तर आठवड्याला ५ डॉलरपर्यंत, १३ आठवडे.

आपल्याला भिशी ठाऊक आहे. दहा जणी दरमहा पैसे घालतात, पाळीपाळीने उचलतात. भिशीत आपले पैसे आपल्याला परत मिळतात, फक्त वेळ पुढेमागे. इथे मात्र आपला डॉलर दुसऱ्याच्या घरी जातो, आणि आपली पाळी लवकर येऊ नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते. विम्याचा गाभा हाच. एकाला न झेपणारा भार हजार जणांनी बोटाबोटाने उचलायचा.

या हिशेबात एक खोट होती. २० वर्षांचा तरुण आणि ५० वर्षांचा गृहस्थ, दोघांना सारखाच डॉलर. म्हणजे तरुण माणूस आयुष्यभरात कितीतरी जास्त भरणार. तरुण यायचे थांबले तर उरतील फक्त म्हातारे, मृत्यू वाढतील, वर्गणी वाढेल आणि डोलारा कोसळेल. त्या काळातली कित्येक मंडळं अशीच बुडाली. नाइट्सनी पुढे वयानुसार हप्ते लावले, राखीव निधी उभा केला, म्हणून टिकले. आज त्यांच्याकडच्या विम्याची एकूण रक्कम १०० अब्ज डॉलरच्या पुढे आहे.

कायद्याच्या भाषेत अशा संस्थेला ‘परस्पर-साहाय्य बंधुसंस्था’ म्हणतात. मालक असे वेगळे भागधारक नसतात. सदस्यांचाच विमा, आणि उरलेला पैसा कामासाठी आणि दानासाठी. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयी जे प्रसिद्ध परिपत्रक काढलं, त्यात मजूर, त्याची विधवा आणि त्याची पोरकी मुलं यांच्यासाठी असलेल्या अशा मंडळांचं कौतुक आहे. सेंट मेरीच्या तळघरात ते काम त्याआधीच सुरू झालं होतं.

## नाव कोलंबसचंच का?

१८८२ मध्ये कॅथलिक माणसाला ‘तुम्ही उपरे’ असं तोंडावर म्हटलं जाई. त्याला उत्तर म्हणून हे नाव घेतलं गेलं. या खंडाकडे युरोपचं लक्ष ज्याने वेधलं, ज्याला तेव्हा सगळी अमेरिका मान देत होती, तो दर्यावर्दी कॅथलिकच होता ना, मग आम्ही उपरे कसे?

आज त्या नावाकडे पाहायची दृष्टी बदलली आहे. कोलंबसच्या मागोमाग इथल्या मूळ रहिवाशांवर जे अत्याचार झाले, गुलामगिरी आली, रोगराई आली, ते आता उघडपणे बोललं जातं. जून २०२० मध्ये खुद्द न्यू हेवन शहरातला कोलंबसचा पुतळा हलवला गेला. संघटनेने नाव बदललेलं नाही आणि कोलंबसचा बचावही सोडलेला नाही. माझ्या मते नावामागची तेव्हाची जखम खरी होती, आणि मूळ रहिवाशांची जखमही तितकीच खरी आहे. आत जाणाऱ्याने दोन्ही माहीत असू द्यावं.

## आत कोण जाऊ शकतो आणि कसा?

अट तीन शब्दांची आहे: कॅथलिक, पुरुष, सज्ञान. वय १८ पूर्ण हवं. कॅथलिक म्हणजे नुसता बाप्तिस्म्याच्या दाखल्यापुरता नव्हे. चर्चची शिकवण मानणारा, तिच्याप्रमाणे जगायचा प्रयत्न करणारा, पोपशी एकनिष्ठ असा. यात परिपूर्णतेची परीक्षा कोणी घेत नाही. पण लग्न किंवा घटस्फोट यासंबंधी चर्चच्या नियमांत काही अडचण असेल, तर फॉर्म भरण्याआधी धर्मग्रामाच्या फादरांशी मोकळेपणाने बोलणं बरं. नंतर कोणी काही विचारलं की मन खट्टू होतं.

पद्धत दोन प्रकारची. जुनी पद्धत अशी की एखादा सदस्य तुमचं नाव सुचवतो, तुम्ही फॉर्म भरता, कौन्सिलचे लोक तुमच्याशी बोलतात, मग प्रवेशविधी होतो. नवी पद्धत इंटरनेटवरची. आधी नाव नोंदवायचं, सवडीने जवळच्या कौन्सिलमध्ये जायचं. वार्षिक वर्गणी प्रत्येक कौन्सिल आपापली ठरवते, म्हणून दादाला मी सांगितलं, त्या सद्‌गृहस्थांनाच आकडा विचार. ही वर्गणी म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे. दोन्ही पूर्णपणे वेगळे.

प्रवेशाच्या पायऱ्यांना ‘डिग्री’ म्हणतात. शिक्षणाची पदवी नव्हे, फक्त टप्पा. पहिल्या तीन टप्प्यांचा विषय दानधर्म, एकता आणि बंधुता. चौथा टप्पा देशभक्तीचा; तो १९००पासून आहे आणि ज्याला हवा त्यानेच घ्यायचा.

## तलवार, शपथ, गुप्तता: काही लपवतात का?

वहिनीने पाहिलेले तलवारवाले म्हणजे चौथ्या टप्प्यातले सदस्य. सणाच्या मिस्सेला, बिशप येतात तेव्हा, एखाद्या सदस्याच्या अंत्यविधीला ते मानवंदना देतात. पूर्वी त्यांच्या डोक्यावर पिसांची टोपी आणि खांद्यावर झूल असे. २०१७ मध्ये ते बदलून निळा कोट आणि साधी गोल टोपी आली. तलवार राहिली, पण ती मानवंदनेपुरतीच.

गुप्ततेचा आक्षेप मात्र नीट समजून घ्यायला हवा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फ्रीमेसन आणि तशा अनेक बंद दारांच्या मंडळांची चलती होती. गरीब माणूस तिकडे ओढला जाई, कारण तिथे मान मिळे, ओळखी होत आणि विमाही असे. पण कॅथलिक चर्चने फ्रीमेसन होण्यावर १७३८पासून बंदी घातली आहे. २०२३ मध्ये रोमने ती पुन्हा स्पष्ट केली. म्हणजे आयरिश मजुरापुढे पेच होता: एक तर चर्च सोडा, नाहीतर मुलाबाळांची सोय सोडा. फादर मॅकगिव्हनींनी तिसरी वाट काढली. त्या काळच्या चालीप्रमाणे विधी काढले, पदं काढली, पण सगळं चर्चच्या छताखाली, धर्मगुरूच्या डोळ्यांदेखत.

तरी संशय सुटला नाही. १९१२च्या सुमारास एक बनावट शपथ छापून वाटली गेली. तिच्यात म्हणे नाइट्स प्रॉटेस्टंट लोकांना ठार मारायचं वचन देतात. १९१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नाइट्सनी आपल्या विधींचे खरे कागद तपासायला दिले, आणि तेही चक्क तिथल्या नामांकित फ्रीमेसन मंडळींकडे. त्यांनीच निर्वाळा दिला, की यात आक्षेपार्ह काही नाही. १९२०च्या दशकात कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेने तीच खोटी शपथ पुन्हा बाहेर काढली. ओरेगन राज्यात सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती आली, म्हणजे कॅथलिक शाळा बंदच. नाइट्सनी त्याविरुद्धच्या खटल्याला बळ दिलं आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला.

जानेवारी २०२०पासून पहिल्या तीन टप्प्यांचा एकच विधी केला गेला आणि तो सगळ्यांना खुला झाला. चर्चमध्ये, बायकामुलांच्या देखत होतो. नव्या सदस्याच्या हातात जपमाळ दिली जाते. म्हणून वहिनीला मी म्हटलं, तू पुढच्या बाकावर बसून सगळं बघ. असा विधी १९७० साली झाला असता तर तिला बाहेर थांबावं लागलं असतं, आणि तिचा संशय मला रास्त वाटला असता.

## म्हणजे ही विमा कंपनीच ना?

निम्मं खरं आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. सदस्य झालात की कधीतरी विमा प्रतिनिधीचा फोन येणारच. तो स्वतः सदस्य असतो, नम्रपणे बोलतो, घरी येऊन कागद समजावतो. पण विमा घेण्याची कसलीही सक्ती नाही. एकही पॉलिसी न घेता आयुष्यभर सदस्य राहणारे पुष्कळ आहेत.

इथे माझं मत ठाम आहे: बंधुभाव वेगळा, पॉलिसी वेगळी. चर्चमध्ये शेजारी बसणारा माणूस विकतोय म्हणून कागद न वाचता सही करू नये. हप्ता किती, मुदत किती, मध्येच सोडलं तर काय मिळतं, हे दुसऱ्या कुठल्याही कंपनीला विचारलं असतं, तसंच इथे विचारायचं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अमेरिकेत एखादी विमा कंपनी बुडाली तर ग्राहकांना काही मर्यादेपर्यंत सावरणारा राज्याचा हमी निधी असतो. बहुतेक राज्यांत बंधुसंस्था त्या निधीत नसतात. त्यांची भिस्त स्वतःच्या गंगाजळीवर. नाइट्सची गंगाजळी भक्कम आहे हे खरं, पण घर चालवणाऱ्या माणसाला हा फरक ठाऊक असायला हवा.

आणि विम्यामुळेच दानाला पाठबळ मिळतं, हेही तितकंच खरं. २०२२ या एका वर्षात सदस्यांनी आणि संघटनेने मिळून १८ कोटी डॉलरपेक्षा जास्त दान केलं आणि जवळपास ५ कोटी तास सेवेला दिले. मला त्यातले तास जास्त बोलके वाटतात. पैसा एखादा श्रीमंत माणूसही देतो. शनिवारची सकाळ द्यायला मात्र माणसं जमावी लागतात.

## वहिनीला प्रवेश का नाही?

सरळ उत्तर हेच की ही पुरुषांची संघटना म्हणून जन्मली आणि तशीच राहिली. १८८२ मध्ये ‘कर्ता’ म्हणजे पुरुष हे गृहीत धरलेलं होतं. स्त्रियांसाठी वेगळ्या कॅथलिक संघटना निघाल्या. ‘डॉटर्स ऑफ इझाबेला’ १८९७ मध्ये न्यू हेवनमध्येच सुरू झाली. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ‘कोलंबियन स्क्वायर्स’ ही शाखा १९२५ मध्ये निघाली.

पण वहिनीला हे उत्तर पुरणार नाही, आणि मलाही ते पुरेसं वाटत नाही. कौन्सिलच्या कार्यक्रमांत बायका स्वयंपाक करतात, हिशेब बघतात, मुलं सांभाळतात. नोंदवहीत नाव मात्र नवऱ्याचं. याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं सांगता येतं, की नवरा-बायको दोघांनी बरोबरीने सेवा करायची असेल तर व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी ती १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केली. गरिबांच्या घरी जाऊन भेटणं हे तिचं मुख्य काम, आणि तिथे स्त्री-पुरुष असा भेद नाही. विमा नाही, तलवार नाही, पायऱ्या नाहीत. काहींना तीच जवळची वाटेल.

## राजकारणाचं काय?

कौन्सिलला पक्षाचा बिल्ला लावता येत नाही. डेमोक्रॅट जॉन केनेडी या संघटनेचे सदस्य होते. पण ज्या सामाजिक प्रश्नांवर चर्चची भूमिका ठाम आहे, तिथे संघटना उघडपणे उतरते. गर्भपाताच्या विरोधातल्या मोर्चांना ती पाठबळ देते, आणि २००९पासून गर्भवतींना मदत करणाऱ्या केंद्रांना सोनोग्राफीची यंत्रं देते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या सार्वमतासाठी संघटनेने १० लाख डॉलरपेक्षा जास्त दिले. त्यावरून पुष्कळ टीकाही झाली.

काही कॅथलिकांना याच कारणाने आत यावंसं वाटतं, काहींना याच कारणाने दूर राहावंसं वाटतं. आपण कुठे आहोत हे स्वतःला आधी विचारावं. ‘मी फक्त अन्नदानाला येईन, बाकीच्याशी माझा संबंध नाही,’ असं म्हणून कौन्सिलमध्ये राहता येतं, पण तुमचं नाव त्या संपूर्ण संघटनेला जोडलेलं राहतं.

आणि तिची दुसरी बाजूही इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात नाइट्सनी सैनिकांसाठी विश्रांतीच्या झोपड्या उघडल्या. दारावर पाटी असे: सर्वांचं स्वागत, सर्व काही मोफत. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात काळे आणि गोरे वेगळे राहत. या झोपड्यांत धर्म किंवा रंग विचारला जात नसे. १९२४ मध्ये, वर्णद्वेष भरात असताना, अमेरिकेच्या घडणीतला कृष्णवर्णीयांचा वाटा सांगणारं पुस्तक त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताकडून लिहवून घेऊन प्रसिद्ध केलं.

## मग करायचं काय असतं?

महिन्याला एक-दोन बैठका आणि त्याखेरीज कामं. हिवाळ्याआधी गरजू मुलांना नवे गरम कोट वाटणं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसाठी दुकानांबाहेर उभं राहून निधी गोळा करणं. धान्य जमवणं, चर्चच्या आवारातलं पडझडीचं काम, एकट्या म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरकडे नेणं. आणि ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मासे तळणं. त्या दिवशी कॅथलिक मांस खात नाहीत, म्हणून अनेक कौन्सिल धर्मग्रामाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांच्या ताटांची विक्री करतात आणि येणारे पैसे मदतीला लावतात.

दादाला मी एकच सुचवलं. सही करण्याआधी त्या स्वयंपाकघरात एक शुक्रवार काढ. बैठकीत सगळेच चांगले बोलतात. माणसं कळतात ती गरम तेलाच्या कढईपाशी आणि नंतर भांडी घासताना. कौन्सिल सगळीकडे सारखी नसते. कुठे दहा म्हातारे फक्त कॉफी प्यायला जमतात, कुठे अख्खं धर्मग्राम त्यांच्या खांद्यावर चालतं. वर्षभरात काय काम केलं, कोणासाठी केलं, एखादा सदस्य वारला तर त्याच्या घरी पुढे कोण जातं, हे तिथेच विचार.

दोघंही गेले. दादाला बटाटे सोलायला बसवलं, वहिनी ताटं भरायच्या रांगेत उभी राहिली. रात्री तिचा निरोप आला. गर्दी ओसरल्यावर एका वयस्क सदस्याने दोन ताटं कागदात बांधली आणि गाडीकडे निघाला. कोणासाठी, असं तिने विचारलं. पलीकडच्या गल्लीत एक आजी राहतात, त्यांचा नवरा याच कौन्सिलमध्ये होता. तो जाऊन अकरा वर्षं झाली. दुसरं ताट त्यांच्या मुलीचं.

फॉर्म अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. कौन्सिलची बैठक गुरुवारी असते आणि गुरुवारी दादाची रात्रपाळी. वार बदलता येईल का, ते विचारून सांगतो, असं कौन्सिलवाले म्हणालेत.